डेकलखालची हवा: मॉडेलवरील चिन्हे रंगवल्यासारखी दिसावीत म्हणून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पिटफायर मार्क 9 या दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाच्या 1/48 मापाच्या मॉडेलला आपण एअरब्रशने मॅट, म्हणजे चमक नसलेले, ॲक्रिलिक रंग दिले, रंग मनासारखा उतरला, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर किटमधील डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावली. सुकल्यावर धडावरील अक्षरांभोवती चंदेरी कड उमटली, पंखावरचे मोठे वर्तुळ पॅनेल लाइनींवर (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषांवर) ताणलेल्या पापुद्र्यासारखे राहिले, आणि शेपटीजवळचा आडवा पट्टा लावताना दोन ठिकाणी फाटला. पंखांच्या खालच्या बाजूची डेकल अजून लावायची राहिली आहेत. सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारा द्रव, वापरला असता तर हे टळले असते का, आणि आता हे मॉडेल वाचवता येईल का, असे आपण विचारले आहे.

मॉडेल वाचवता येईल. मात्र सॉफ्टनरकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण चंदेरी कडेचे मूळ सॉफ्टनरच्या अभावात नसून त्याआधीच्या एका पायरीत आहे. चंदेरी कड आणि ताणलेला पापुद्रा ही दोन्ही डेकलखाली अडकलेल्या हवेची रूपे आहेत. या कामात मला सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट हीच होती. सुरुवातीची कित्येक मॉडेल मी डेकल नीट चिकटावे एवढ्याच खटपटीत केली. ते चिकटत असे, पण रंगवल्यासारखे कधी दिसत नसे. डेकलखाली हवेला जागाच राहू द्यायची नाही, हे खरे काम आहे असे ध्यानात आल्यावर पृष्ठभाग, पाणी, सॉल्यूशन (डेकल बसवण्यासाठीचे द्रव) आणि वार्निश यांपैकी प्रत्येक गोष्ट कशासाठी करायची हे मला कळू लागले.

पाण्यात भिजवून सरकवायच्या डेकलची रचना साधी असते. खाली शोषक कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा, बहुधा स्टार्चपासून केलेला डिंक, आणि त्यावर छापील शाई व तिला धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म. कागद भिजला की डिंक सुटतो आणि शाईसह फिल्म मोकळी होते. त्यातला थोडा डिंक फिल्मच्या पाठीशी राहतो आणि तोच तिला मॉडेलवर धरतो. ही फिल्म आपल्याला अतिशय पातळ वाटते, पण मापाचा हिशेब केला तर चित्र बदलते. तिची जाडी 0.02 मिलिमीटर धरली तरी 1/48 मापात ती खऱ्या विमानावरच्या जवळपास 1 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याएवढी होते. खऱ्या विमानावर चिन्ह रंगवलेले असते, त्याला कड नसते आणि ते प्रत्येक खिळ्यावर व सांध्यावर पत्र्याबरोबर वळते. आपल्याला या जाड पत्र्याचा भास घालवून रंगाचा भास निर्माण करायचा असतो.

आता चंदेरी कड. साबणाचे पाणी पारदर्शक असते आणि हवाही पारदर्शक असते, पण दोन्ही मिसळून झालेला फेस पांढरा दिसतो, कारण प्रकाश प्रत्येक बुडबुड्याच्या सीमेवर थोडा थोडा परततो. डेकलखाली नेमके हेच घडते. फिल्म आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे 4 टक्के प्रकाश परततो, हवा आणि रंग यांच्या सीमेवर पुन्हा तेवढाच, आणि अशी हजारो सूक्ष्म पोकळ्या शेजारी शेजारी असल्या की डोळ्याला चंदेरी झाक दिसते. मॅट रंग मॅट दिसतो तो मुळात त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो म्हणून. त्यावर सपाट फिल्म ठेवली की ती उंचवट्यांच्या टोकांवर टेकते आणि खळग्यांत हवा राहते. छापलेल्या भागाखालीही ही हवा असतेच, पण शाई अपारदर्शक असल्याने ती झाकली जाते. अक्षरांभोवतीच्या मोकळ्या फिल्ममधून मात्र ती उघडी पडते. आपल्या मॉडेलवर चंदेरीपणा अक्षरांच्या कडेलाच दिसला, तो या कारणाने.

उपाय असा की डेकल लावण्यापूर्वी खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. चकचकीत वार्निशाचा थर, ज्याला आपण सगळे ग्लॉस कोट म्हणतो, तो खळगे भरून काढतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आवश्यकता गुळगुळीतपणाची आहे. चमक ही त्याची खूण आहे. एअरब्रशने लांबून, अर्धवट सुकलेल्या थेंबांच्या रूपात उडवलेले ग्लॉस वार्निश दिव्याखाली चमकते खरे, परंतु बोट फिरवल्यास पॉलिश पेपरसारखे लागते, आणि अशा थरावर लावलेले डेकल मॅटवर लावल्याइतकेच चंदेरी होते. उलट मूळ रंगच नीट पसरलेला, सॅटिन किंवा अर्धचकचकीत असेल, तर वेगळ्या ग्लॉस कोटशिवायही डेकल उत्तम बसते. थर कसा आहे हे पाहण्यासाठी मी मॉडेल तिरपे धरून त्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहतो. प्रतिबिंबाची कड जेथे विस्कटलेली दिसते तेथे अजून काम बाकी असते.

वार्निश कोणते वापरावे याबद्दल मतभेद आहेत आणि चांगले निकाल अनेकांनी मिळतात. तामियाचे एक्स-22 मी बराच काळ वापरत आलो आहे. ते ॲक्रिलिक असले तरी लॅकर थिनरमध्ये साधारण समप्रमाणात पातळ केले की पाण्यासारखे पसरते आणि सुकताना स्वतःच समतल होते. मिस्टर कलरचे जीएक्स100 हे लॅकर आहे. ते अधिक कठीण सुकते आणि तीव्र सॉल्यूशनला चांगले तोंड देते. फरशीच्या पॉलिशचा ग्लॉस कोट म्हणून वापर करण्याची जुनी रीतही चांगलीच आहे, फक्त त्यावर तीव्र सॉफ्टनर पडल्यास थर पांढुरका होण्याचा धोका राहतो. कोणतेही निवडले तरी पहिला थर हलका, त्यानंतरचे एक-दोन थर ओलसर दिसतील इतके भरीव, आणि मग किमान 24 तास, शक्य असल्यास 48 तास विश्रांती, हा क्रम मोडू नये. मॉडेल नाकाजवळ नेल्यावर वास येत असेल तर ते अजून सुकलेले नाही असे समजावे. अर्धवट सुकलेल्या थरावर सॉफ्टनर पडला की तो डेकलबरोबर खालचा रंगही मऊ करतो, आणि ती जखम सहज भरून येत नाही.

कापणीबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक मत म्हणते की पारदर्शक फिल्म शाईच्या कडेपर्यंत कापून टाकावी, म्हणजे चंदेरी होण्यासारखे काही उरतच नाही. दुसरे मत असे की छपाईत फिल्मची कड निमुळती होत गेलेली असते, आणि ब्लेडने कापल्यावर मात्र ती सरळ भिंतीसारखी उभी राहते व वार्निशाखाली अधिक दिसते. माझा निर्णय चिन्हानुसार बदलतो. वर्तुळाभोवती अर्ध्या मिलिमीटरची निमुळती किनार असेल तर मी तिला हात लावत नाही. पण दोन अक्षरांच्या मध्ये पसरलेली फिल्म, किंवा ओ आणि डी यांसारख्या अक्षरांच्या पोटातली फिल्म मी काढून टाकतो, कारण मोठ्या मोकळ्या पटलावरच डोळा अडखळतो. अक्षरे सुटी लावायला वेळ अधिक लागतो आणि ती एका ओळीत ठेवण्यासाठी मास्किंग टेपची पट्टी खाली आधाररेषा म्हणून लावावी लागते. तरीही हे कष्ट घेण्यासारखे आहेत. पाते नवे असावे. बोथट पाते फिल्म कापण्याऐवजी ओढते आणि कडेला केसासारख्या भेगा पाडते, ज्या पाण्यात गेल्यावर उघडतात.

पाण्याबाबत बहुतेक जणांची चूक एकच असते, ती म्हणजे डेकल सुटेपर्यंत पाण्यातच ठेवणे. त्यात डिंक धुऊन जातो आणि फिल्म स्वतःभोवती गुंडाळली जाते. कोमट पाण्यात 10 ते 15 सेकंद बुडवावे, बाहेर काढून ओलसर टिपकागदावर ठेवावे आणि मिनिटभर थांबावे. कागदात शिरलेले पाणी डिंकापर्यंत आपोआप पोहोचते. कुंचल्याच्या टोकाने हलकेच ढकलल्यावर डेकल कागदावर सरकू लागले की ते तयार झाले. जाड कागदाच्या डेकलला दोन मिनिटेही लागतात. जबरदस्ती करू नये. एका वेळी एकच डेकल भिजवावे, फार तर दोन अगदी लहान. आपल्या नळाच्या पाण्याने भांड्यात पांढरे डाग पडत असतील तर डिस्टिल्ड पाणी वापरावे, कारण तेच डाग गडद रंगावर डेकलच्या कडेला उमटतात.

डेकल चिमट्याने उचलून मॉडेलवर ठेवू नये. चिमट्याने धरायचा तो कागद. आधी मॉडेलवरची जागा ओली करावी, कागद त्या जागेच्या अगदी शेजारी टेकवावा आणि ओल्या कुंचल्याने डेकल त्यावरून थेट मॉडेलवर सरकवावे. फिल्मचा प्रवास जितका छोटा, तितकी ती फाटण्याची किंवा दुमडण्याची शक्यता कमी. दुमडलेच तर ओढाताण करू नये. त्यावर भरपूर पाणी सोडावे किंवा ते पुन्हा भांड्यात टाकावे, पाण्यात तरंगताना ते बहुतेक वेळा स्वतःच उलगडते आणि उरलेली घडी दोन कुंचल्यांनी सोडवता येते. डेकल जागेवर आले की त्याच्याखालचे पाणी कुंचल्याने मध्यापासून कडेकडे ढकलावे, मग किंचित ओलसर केलेली कापसाची काडी मध्यापासून बाहेर लाटल्यासारखी फिरवावी. काडी घासू नये, ती लाटावी. कोरड्या कापसाला ओले डेकल चिकटते आणि काडीबरोबर निघून येते.

सेटर आणि सॉफ्टनर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची अदलाबदल हे अनेक बिघाडांचे कारण असते. सेटर डेकलच्या खाली लावतात. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे द्रव बारीक खळग्यांत शिरतो आणि तेथील हवा बाहेर पडते. मायक्रो सेट हे सौम्य आहे आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. मिस्टर मार्क सेटरमध्ये चिकट द्रव्यही असल्याने ज्यांचा डिंक दुबळा आहे अशा डेकलला त्याचा विशेष उपयोग होतो. सॉफ्टनर डेकलच्या वर लावतात. तो फिल्म मऊ करतो, इतकी की ती स्वतःच्या वजनाने आणि सुकताना येणाऱ्या ओढीने पृष्ठभागाच्या प्रत्येक रेषेत उतरते. मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर, तामियाचे मार्क फिट ही या वर्गातली नावे. वॉल्थर्सचे सोल्व्हासेट त्यांच्याहून बरेच जहाल आहे. मायक्रोस्केल कंपनीच्या दोन बाटल्यांत निळी मायक्रो सेटची आणि लाल मायक्रो सोलची. हा रंगभेद लक्षात ठेवला की घाईत बाटली चुकत नाही.

कोणते सॉल्यूशन कोणत्या डेकलला मानवेल हे लेबलवरून कळत नाही. प्रत्येक पत्रकावर न वापरायची एखादी खूण, एखादा क्रमांक किंवा छपाई करणाऱ्याचे नाव असतेच. ते रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर लावून त्यावर सॉफ्टनरचा प्रयोग आधी करून पाहावा. पाच मिनिटांची ही चाचणी मी अजूनही प्रत्येक नव्या किटच्या वेळी करतो. काही पातळ डेकल सौम्य सॉफ्टनरनेही विरघळू लागतात, आणि काही जाड डेकलवर तो तीन वेळा लावूनही परिणाम दिसत नाही.

सॉफ्टनर लावल्यानंतरचा काळ हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड, कारण त्यात काहीही न करता बसायचे असते. डेकल आधी जागेवर बसवून 10-15 मिनिटे सुकू द्यावे, मग मऊ कुंचल्याने सॉफ्टनरचा एक पातळ थर कडेकडेने आणि वरून द्यावा आणि मॉडेल बाजूला ठेवावे. एक-दोन मिनिटांत डेकलवर सुरकुत्या पडतात. हे पाहून कोणीही हादरेल. माझ्या पहिल्या अनुभवात मी घाबरून त्या सुरकुत्या बोटाने सपाट करायला गेलो, आणि तोवर ओल्या रंगाइतकी मऊ झालेली फिल्म बोटाबरोबर निघून आली. त्या किटमध्ये त्या चिन्हाची दुसरी प्रत नव्हती. सुरकुत्या म्हणजे फिल्म फुगून मऊ झाली आहे एवढेच. सॉफ्टनर उडून जाताना ती पुन्हा आकसते आणि सपाट बसते. या अवधीत डेकलला बोट, कापूस, फुंकर काहीही लागू देऊ नये. पूर्ण सुकल्यावर पॅनेल लाइनीवर फिल्म अजून पुलासारखी ताणलेली राहिली असेल तर दुसरा थर द्यावा, मग तिसरा. एका जहाल थरापेक्षा तीन सौम्य थर नेहमी चांगले.

थर देऊनही रेष उतरत नसेल तर पूर्ण सुकलेल्या डेकलवर नव्या ब्लेडने पॅनेल लाइनीच्या बरोबर मध्यातून एक हलका छेद द्यावा आणि त्यावर सॉफ्टनरचा थेंब सोडावा. दोन्ही कडा रेषेच्या आत वळतात. ॲलेरॉन आणि फ्लॅपसारख्या हलत्या भागांच्या सांध्यावर असा छेद मी विचार न करता देतो, कारण खऱ्या विमानावर तेथे रंग सलग नसतोच. आपल्या स्पिटफायरच्या डाव्या धडावरील वर्तुळाखाली रेडिओच्या झाकणाची चौकट येते. ती वर्तुळातून स्पष्ट दिसली की चिन्ह रंगवल्याचा भास एकदम खरा होतो. उंचवट्यांवर, म्हणजे फुगीर आवरणांवर किंवा दोन्ही दिशांना वळणाऱ्या नाकाच्या भागावर, मात्र सॉफ्टनर एकटा पुरा पडत नाही. सपाट कागदाने चेंडू गुंडाळता येत नाही, तसेच हे. तेथे डेकलला कडेपासून मध्याकडे, शक्यतो रंगाच्या सीमेवरून किंवा कमी नजरेत येणाऱ्या ठिकाणी, बारीक छेद आधीच द्यावे लागतात, म्हणजे जादा फिल्म एकमेकांवर चढते. आणि उरलेली फट जुळत्या रंगाच्या ठिपक्याने भरावी लागते. गरम पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा वरून हळूच दाबला तर जाड फिल्म वळायला मदत होते.

आता फाटलेला पट्टा. शेपटीपुढचा तो आकाशी-हिरवट पट्टा खऱ्या विमानावर 18 इंच रुंद असे, म्हणजे 1/48 मापात साडेनऊ मिलिमीटर. अशी लांब, सडपातळ पट्टी निमुळत्या होत जाणाऱ्या धडाभोवती गुंडाळायची, तिची दोन्ही टोके खाली नेमकी जुळवायची, आणि हे सारे डिंक धरण्यापूर्वी, ही कामगिरी अनुभवी हातालाही जड जाते. मॅट पृष्ठभागावर ती आणखी लवकर अडकते. एक टोक चिकटलेले असताना दुसरे सरकवले की मधेच तुटते. माझे मत याबाबत ठाम आहे: सरळ कडांचे पट्टे, पंखाच्या पुढच्या कडेवरची पिवळी पट्टी, 1944 च्या नॉर्मंडी स्वारीच्या वेळचे काळे-पांढरे पट्टे, हे सारे मास्किंग टेप लावून रंगवावे. साडेनऊ मिलिमीटर अंतरावर दोन टेप लावणे हे त्या डेकलशी झुंजण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि निकालात पत्र्याची जाडी नसते. डेकलच वापरायचे असेल तर ते धडाच्या वरच्या मध्यरेषेवर आणि खाली अशा दोन ठिकाणी कापून दोन तुकड्यांत लावावे, आणि जागा पाण्याने व सेटरने भरपूर ओली ठेवावी.

पांढऱ्या आणि पिवळ्या शाईची एक अडचण आपल्या विमानावर निश्चित येईल. हे रंग पुरेसे अपारदर्शक नसले तर खालच्या गडद हिरव्या आणि राखाडी छद्मरंगाची सीमारेषा वर्तुळातून दिसते. धडावरील वर्तुळाची पिवळी किनार ही त्याची सर्वांत मोठी बळी. डेकलपेक्षा किंचित लहान व्यासाचे पांढरे वर्तुळ आधी रंगवून त्यावर डेकल लावणे हा उत्तम उपाय, आणि दुसरे पत्रक हाताशी असेल तर एकावर एक दोन डेकल लावणे हा त्याखालोखालचा. दुसऱ्या मार्गात पहिले डेकल पूर्ण सुकून त्यावर ग्लॉसचा पातळ थर बसल्याशिवाय दुसरे लावू नये.

जुन्या किटमधील पिवळ्या पडलेल्या डेकलविषयी आपण विचारलेले नाही, तरी दोन वाक्ये सांगतो, कारण हा प्रसंग प्रत्येकावर येतो. पत्रक बंद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हाकडे तोंड करून काही दिवस चिकटवून ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. फिल्म पाण्यात तडकते आहे असे चाचणीत दिसले तर मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म कुंचल्याने वरून द्यावी. मात्र मग संपूर्ण पत्रक एका सलग फिल्मखाली येते आणि प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावे लागते. अलीकडे एडुआर्डसारख्या उत्पादकाच्या काही डेकलमध्ये वरची पारदर्शक फिल्म सुकल्यानंतर सोलून काढता येते आणि केवळ शाई मॉडेलवर राहते. ती पद्धत जमली की निकाल अप्रतिम येतो, पण सोलताना शाईही निघण्याचा धोका असतो, म्हणून पहिला प्रयोग पोटाखालच्या लहान खुणेवर करावा.

स्टेन्सिल, म्हणजे सूचनांच्या बारीक अक्षरांची डेकल, यांच्या बाबतीत मला फक्त वेळेविषयी सांगायचे आहे. आधुनिक जेट विमानाच्या किटमध्ये ती शेकड्यांनी असतात. एका बैठकीत एकच बाजू घ्यावी, ती रात्रभर सुकू द्यावी, आणि मगच मॉडेल उलटे करावे. ओल्या डेकलवर अंगठा टेकून ते पुसले गेल्याचे दुःख ज्याने एकदा भोगले आहे तो हा नियम मोडत नाही.

सगळी डेकल लागल्यावर 24 तास थांबून मऊ ओलसर कापडाने प्रत्येक डेकलभोवतीची जागा पुसून घ्यावी. हे काम वरवर क्षुल्लक वाटते म्हणून वगळले जाते, पण कडेला वाळलेला डिंक त्या वेळी दिसत नाही आणि मॅट वार्निश बसल्यावर तपकिरी वलय होऊन उमटतो. मग ते काढण्याचा मार्ग उरत नाही. माझे एक चांगले जमलेले मॉडेल या एका आळसामुळे डागाळले. पुसल्यानंतर पुन्हा ग्लॉसचा थर द्यावा, तोही आधी अगदी धुक्यासारखा. लॅकर वार्निश एकदम ओले मारल्यास डेकल सुरकुतते किंवा तडकते. हा दुसरा थर डेकलची कड बुजवतो आणि पुढे पॅनेल लाइनींत सोडायच्या इनॅमल वॉशपासून (रेषा उठून दिसाव्यात म्हणून दिलेल्या अति पातळ रंगापासून) व त्याच्या थिनरपासून डेकलचे रक्षण करतो. कड फारच जाणवत असेल तर दोन-तीन थरांनंतर अतिशय बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून ती उतरवता येते; त्यात शाईपर्यंत पोहोचायचे नाही एवढे भान ठेवावे. वॉश, जुनाटपणाच्या छटा, आणि सर्वांत शेवटी मॅट किंवा सॅटिन वार्निश. हे शेवटचे वार्निश रंग आणि डेकल यांची चमक एकसारखी करते, आणि चिन्ह विमानात विरघळते ते याच क्षणी.

राहिला प्रश्न आपल्या टेबलावरील मॉडेलचा. त्यावर लगेच ग्लॉस कोट मारू नये, हे सर्वांत आधी. अनेकांना वाटते की वार्निशाने चंदेरी झाक झाकली जाईल. प्रत्यक्षात हवा तशीच आत कोंडली जाते आणि पुढचे सगळे उपाय बंद होतात. अक्षरांभोवतीच्या चंदेरी भागाला बारीक सुईने जवळजवळ टोचे द्यावेत, त्यावर सेटरचा थेंब सोडावा आणि तो छिद्रांतून आत शिरू द्यावा. हवेच्या जागी द्रव गेला की चंदेरी झाक डोळ्यांदेखत नाहीशी होते, पण द्रव सुकल्यावर ती काही अंशी परत येते. तेव्हा निराश होऊ नये. सुकल्यावर सॉफ्टनर, पुन्हा टोचे, पुन्हा सॉफ्टनर, असे तीन-चार फेरे दोन दिवसांत विभागून करावेत. त्यानंतरही एखादी मोकळी पट्टी चंदेरी राहिलीच, तर अक्षराच्या कडेने नव्या ब्लेडचे नुसते वजन पडेल इतका हलका छेद घेऊन ती पारदर्शक पट्टी चिमट्याने सोलून काढावी. मॅट रंगावरची पकड दुबळी असल्याने ती सहसा सहज निघते. आपली मूळ चूक येथे आपल्या उपयोगी पडते. पंखावरील वर्तुळाला पॅनेल लाइनींवर छेद देऊन सॉफ्टनरचे थर द्यावेत.

फाटलेला पट्टा वाचवण्यात वेळ घालवू नये. त्यावर पाण्याने भिजवलेला टिपकागद अर्धा तास ठेवावा, न सुटल्यास पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून पुन्हा ठेवावा, आणि सैल झालेली फिल्म मास्किंग टेपच्या तुकड्याने हलकेच उचलावी. जागा ओल्या कापडाने स्वच्छ करून, एक दिवस सुकू देऊन, तेथे टेप लावून पट्टा रंगवावा.

हे सारे झाल्यावर, आणि चंदेरी भाग उरलेला नाही अशी खात्री पटल्यावर, संपूर्ण मॉडेलला, खालच्या बाजूसह, ग्लॉस कोट द्यावा आणि दोन दिवस त्याला हात लावू नये. मग खालच्या पंखावरील वर्तुळे लावावीत. ती आपली या पद्धतीची पहिली खरी चाचणी असेल, आणि ती नजरेआडच्या बाजूला आहेत, त्यामुळे हात निर्धास्तपणे चालेल. डावे वर्तुळ लावून त्याच्या सुरकुत्या पडताना आणि परत बसताना एकदा शेवटपर्यंत पाहावे. उजवे त्याच्या दुसऱ्या दिवशी लावावे.